दंतोबाचे यंदाचे दहा

रविवारच्या पुरवणीच्या सहाव्या पानावर, एका हसऱ्या गृहस्थाच्या फोटोखाली मला ओळखीची वाक्यं दिसली. दोन ओळी वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग उठून कपाटातली फाईल काढली, पुरवणी शेजारी ठेवली आणि बोट धरून ओळ न् ओळ पडताळली. मथळा ‘यंदाचे दहा’. दहाच्या दहा आल्बम तेच, क्रम तोच, खालचा मजकूर काना-मात्रेसकट तोच. फरक एवढाच, की आमच्या कागदावर कोणाचंच नाव नव्हतं. पुरवणीत नाव होतं, आणि वर फोटोही.

माझा चहा कपात होता तो कपातच राहिला.

आमच्या शाळेत नन्स शिकवायच्या. दुसरीच्या वहीतून उत्तर उतरवणाऱ्या मुलीला त्या मारत नसत. वर्गासमोर उभं करायच्या आणि म्हणायच्या, आता हेच उत्तर आम्हाला समजावून सांग. आम्हाला तेव्हा वाटायचं, त्यापेक्षा हातावर पट्टी बरी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हातात ती पुरवणी धरून, मला त्या शिक्षेची थोरवी कळली.

ज्याचा मजकूर चोरीला गेला तो दंतोबा आमच्या शेजारी राहतो. तिसरा मजला, मधली भिंत एक. तळमजल्यावर जिन्यामागे त्याची कामाची खोली आहे, तिथे तो कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात. पुढचं सगळं याचं. प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात बसवणं, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून ते उकळणं, घासणं, चमकवणं. पेशंटला डॉक्टर दिसतात, हा दिसत नाही. दंतोबा हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता पोस्टमनही तेच विचारतो. प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला तो ज्याची त्याची आद्याक्षरं कोरतो, मोहरीएवढी. इस्पितळात, वृद्धाश्रमात कवळ्यांची अदलाबदल होते. “ज्याची त्याला परत मिळाली पाहिजे, काकू,” तो म्हणतो. “दुसऱ्याच्या दातांनी हसता येत नाही.”

वय सेहेचाळीस, लग्न नाही, सिगारेट नाही. व्यसन एकच, गाणी. त्यातही सगळ्यांना आवडतात ती नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या दाराशी न जाता चार जण गॅरेजमध्ये नाहीतर कोणाच्या तरी आईच्या माळ्यावर वाजवतात आणि स्वतःच आल्बम काढतात, ते इंडी. रॉकच, पण रॉकवाल्यांनी घरात न घेतलेलं, ते अल्टरनेटिव्ह. ही व्याख्या त्याची. माझी व्याख्या पूर्वी एका शब्दाची होती, ती इथे लिहीत नाही.

त्याची थोरली बहीण दर आठवड्याला फोन करते आणि दर आठवड्याला म्हणते, “अरे, घोडा झालास, अजून पोराटोरांची गाणी ऐकतोस? लोक हसतात तुला.”

“हसतील त्यांचे दात दिसतील, ताई,” हा म्हणतो. “पडायला आले असले तर माझ्याकडे पाठव.”

माझी आणि त्या गाण्यांची गाठ माझ्याच खालच्या कवळीमुळे पडली. हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी ती मधोमध तडकली. मी रुमालात गुंडाळून खाली घेऊन गेले. तो म्हणाला, बसा, अर्ध्या तासात सांधतो. कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक जुना टेपरेकॉर्डर गात होता. कुठलीशी बाई. नर्स होती म्हणे, रात्रपाळी संपवून बसच्या थांब्यावर गाणी लिहायची.

“आवाज बरा आहे,” मी तोंडावर पदर धरून म्हटलं, “पण गिटार जुळवलेली नाही.”

“मुद्दाम नाही जुळवलेली, काकू.”

“मुद्दाम चूक करणाऱ्या मुलीला आमच्या संगीताच्या सिस्टर वर्गाबाहेर उभं करायच्या.”

“मग हे सगळे वर्गाबाहेरचेच,” तो म्हणाला. “तिथे गप्पा चांगल्या होतात.”

मी घरी येऊन डायरीत नोंद केली: कवळी ठीक, गाणं विचार करण्यासारखं. पुढच्या आठवड्यात कवळी धड असतानाही खाली गेले.

टेपरेकॉर्डर का, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्या खोलीत प्लास्टरची आणि घासलेल्या प्लास्टिकची पिठासारखी धूळ असते. तिने त्याचे तीन फोन आणि दोन स्पीकर मारले. शिवाय हात सतत मेणाने नाहीतर ओल्या प्लास्टरने माखलेले, काचेच्या पडद्यावर बोट चालत नाही. टेपरेकॉर्डर पिशवीतूनही चालतो आणि त्याचं बटण कोपराने दाबता येतं. तेव्हा हा नवा आल्बम घरच्या कॉम्प्युटरवर विकत घ्यायचा, आणि रविवारी दुपारी त्याची कॅसेट करायचा. तार जोडायची जागा कधीच मोडली होती, म्हणून सरळ स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा. खिडक्या बंद, पंखा बंद. आणि स्वतः घराबाहेर. त्याला बारमाही सर्दी. शिंक आली तर टेपवर उतरेल म्हणून हा माणूस टेप चालू करून, दार ओढून, दोन मजले खाली जिन्यात जाऊन बसायचा. आत गाणं रिकाम्या खोलीला ऐकू जायचं, आणि हा पायरीवर घड्याळ बघत बसलेला. येणारी-जाणारी माणसं कपाळाला आठ्या घालत. गेल्या पावसाळ्यात मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मीही म्हटलं, “अरे, विकत घेतलेलं गाणं आधी ऐकावं तरी.”

“पहिलं ऐकणं कामावर,” तो म्हणाला. “हात कामात असले की कान खोटं बोलत नाहीत.”

डिसेंबरअखेर तो वर्षातले दहा आल्बम निवडायचा आणि प्रत्येकावर चार-सहा ओळी सांगायचा. सांगायचा, कारण त्याचं अक्षर त्या मोहरीएवढ्या आद्याक्षरांपलीकडे धड वाचता येत नाही. पाच वर्षं झाली, लिहून मी घेते. मी शुद्धलेखन बघते, लांबलेलं वाक्य तोडते, बाकी एक शब्द माझा नाही. मग तीस झेरॉक्स. एकेक प्रत कवळीच्या डब्याबरोबर डॉक्टरांकडे, एक वाचनालयाच्या फळ्यावर, दोन-चार अशाच. नाव घाल म्हटलं तर म्हणायचा, “सगळ्यांना माहितीये की काकू, कोणाची आहे ते.”

यंदाची यादी चांगली जमली होती. आठव्या क्रमांकावर एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ; एकाने ढोल एका शहरात वाजवले, दुसऱ्याने गिटार दुसऱ्यात, आणि आईने दोघांच्या रेकॉर्डिंगची पाकिटं स्टुडिओत नेऊन दिली. “भांडण ऐकू येतं,” दंतोबा म्हणाला होता, “पण ताल कोणीच सोडत नाही. चांगल्या घरातलं भांडण.” पाचव्यावर चार मुली, पोहण्याच्या रिकाम्या तलावात उतरून गायलेल्या. दुसऱ्यावर ती नर्स, तिचा नवा आल्बम, आता गिटार जुळवलेली, आणि याला त्याचं थोडं वाईट वाटलेलं. आणि पहिल्या क्रमांकावर तीन जणांचा एक बँड, ज्याच्या आल्बमच्या नावाचा अर्थ होतो ‘पत्ता बदलला आहे’. त्यावरचा मजकूर मी इथे जसाच्या तसा देते. सगळी लढाई याच ओळींवर झाली.

“चौथ्या गाण्यात तिसऱ्या मिनिटाला सगळा गोंगाट एकदम खाली बसतो आणि त्या शांततेत दारावर तीन थापा पडतात. पहिली जोरात, पुढच्या दोन हळू. प्रत्येक थापेच्या शेपटीला बारीक किणकिण. बाहेरच्या माणसाला कळलं आहे की आत कोणीतरी आहे, आणि आता त्याला घाबरवायचं नाही. मी हातातली कवळी खाली ठेवून दार उघडायला उठलो. वर्षभरात यापेक्षा खरं काही ऐकलं नाही.”

पुरवणीत हेच होतं. फक्त कवळीच्या जागी ‘पुस्तक’ घातलं होतं. त्या गृहस्थाचा स्वतःचा हातभार तेवढाच.

मी पुरवणी आणि फाईल घेऊन खाली गेले. दंतोबा मेणात वरचे पुढचे दात बसवत होता. त्याने वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाला, “छान छापलंय.”

“छान? अरे, चोरी आहे ही.”

“लोकांनी वाचलं ना, काकू. आपल्या तीस प्रती, त्यांच्या किती हजार.”

“उद्या तुझ्या कवळीवर दुसऱ्याची आद्याक्षरं घातली तर?”

त्याने मेणातला एक दात सरळ केला. मग हळूच म्हणाला, “ते आपल्या डॉक्टरांचे जावई आहेत.”

मग मला सगळा रस्ता दिसला. कवळीच्या डब्याबरोबर गेलेला कागद, डॉक्टरांच्या दवाखान्यातलं मासिकांचं टेबल, आणि सासऱ्यांना भेटायला आलेले संगीतसमीक्षक जावईबापू. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. डॉक्टर सज्जन आहेत. तीस वर्षं आमच्या घरचे दात त्यांनीच पाहिले. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, “ताई, गाणी सगळेच ऐकतात. आवडीनिवडी जुळतात कधी कधी.”

“दहाच्या दहा? ओळीने?”

“आणि समजा कोणी म्हणालं, तुम्हीच पुरवणीवरून उतरवून घेतलं, तर? तुमच्या कागदावर ना नाव ना तारीख.”

हे ते धमकी म्हणून बोलले नाहीत. काळजीने बोलले. म्हणूनच मला जास्त राग आला. साधी माणसं खोटं पचवतात तेव्हा अशीच काळजीच्या सुरात पचवतात. निघताना दारावर जाहिरात दिसली: येत्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात जावयांचं भाषण, ‘यंदाचे दहा’, निवडक गाण्यांसह.

तारीख पाहिजे ना, मी म्हटलं, तारखांना इथे तोटा नाही. शाळा सुटल्यापासून एक दिवस न चुकता मी डायरी लिहीत आले आहे. दंतोबाने कोणता आल्बम कधी वाजवला, मी काय म्हटलं, तो काय म्हणाला, सगळं त्यात आहे. मी त्याच्याकडून दहाही कॅसेट मागून घेतल्या आणि टेबलाशी बसले. एकेक ऐकायची, डायरीतली तारीख शोधायची, चिठ्ठी घालायची. दोन दिवसांत नऊ झाल्या. पहिल्या क्रमांकाची मी शेवटी ठेवली होती. ती मी आधी ऐकलेलीच नव्हती, त्याच्या तोंडून लिहून घेतली होती तेवढीच.

चौथं गाणं. गोंगाट. तिसरं मिनिट. गोंगाट खाली बसला आणि तीन थापा पडल्या. एक जोरात, दोन हळू. शेपटीला किणकिण.

मी टेप मागे नेली. पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना माझी नजर खुर्चीला टेकून ठेवलेल्या काठीवर गेली. ह्यांची काठी. खालची पितळी टोपी सैल झालेली, दर ठोक्याला किणकिणते. दुरुस्त करायची पाच वर्षं राहिली आहे.

मी डायरी उघडली. १४ मे, रविवार. “दुपारी धाकट्या बहिणीचा फोन, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. शेजारच्या गाण्यामुळे अक्षर ऐकू येईना. भिंतीवर काठी मारली. पहिल्याच ठोक्याला आवाज खाली आला, म्हणून पुढचे दोन हळू मारले. मिनिटभराने आवाज दुप्पट केला. उद्धटपणा. याच्याशी बोलले पाहिजे.”

बोलायचं राहून गेलं होतं.

पुरावा म्हणून यापेक्षा पक्कं काही मिळणार नव्हतं. जगात त्या गाण्याच्या लाखो प्रती असतील. त्या थापा एकाच कॅसेटवर होत्या. ज्याच्या लेखात त्या थापा आहेत त्याने गाणं ऐकलेलं नाही, कागद उतरवला आहे. मला वर्गासमोर उभी केलेली ती मुलगी आठवली. आता हेच समजावून सांग. मी उठून उभी राहिले आणि तशीच पुन्हा बसले. कारण हे सिद्ध करायचं तर आधी दंतोबाला सांगायला हवं होतं की वर्षभरात त्याला सगळ्यात खरं वाटलेलं जे होतं, ती शेजारची म्हातारी भिंत बडवत होती.

सांगू की नको यात एक दिवस घालवला, हेही कबूल करते. शुक्रवारी सकाळी डायरी आणि काठी घेऊन खाली गेले. तो चाकूने मेण खरवडत होता. मी १४ मेचं पान समोर धरलं. त्याने वाचलं. मी काठी भिंतीवर आपटली, एकदा जोरात, दोनदा हळू.

मेणाचा एक लांब काप निघून खाली पडला.

“म्हणजे ते बँडचं नाहीच?”

“नाही. माझं.”

“पुढच्या दोन हळू का मारल्या?”

“तू आवाज कमी केलास असं वाटलं.”

“मी तर जिन्यात होतो, काकू.”

“ते तेव्हा मला काय ठाऊक?”

त्याने चाकू पुसला. “चाळीस वेळा ऐकलंय मी ते,” तो म्हणाला. “दर वेळी वाटायचं, यांना कसं सुचलं असेल.” मग म्हणाला, “उद्या हे बोलू नका. चोरी गेली तर गेली. पण मला गाण्यातलं कळत नाही हे चारचौघांत कशाला? ताई तर आयुष्यभर ऐकवेल. हात दाखवून अवलक्षण.”

“आणि तो तुझ्या जिवावर टाळ्या घेणार?”

“घेऊ दे. टाळ्याही चुकीच्याच असतील.”

मी संतापून वर आले. त्याच्यावर संतापले, जावयावर संतापले, स्वतःवर तर विचारूच नका. डायरीत त्या दिवशी अर्धं पान कोरं आहे. असं एकूण तीन वेळा झालं आहे.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी वाचनालयात गेले, काठी आणि डायरी घेऊन, पहिल्या रांगेत. पन्नास खुर्च्या, बहुतेक भरलेल्या. डॉक्टर आणि त्यांची मुलगी पलीकडच्या टोकाला. मी ठरवलं होतं, थापांबद्दल काही सांगायचं नाही. दंतोबाने नको म्हटलं होतं. फक्त एक साधी विनंती करायची: ती जागा जरा वाजवून दाखवता का? पुढचं गाणंच सांगेल.

जावई फोटोपेक्षा देखणा होता आणि आवाज लाघवी होता. चोराला आवाज चांगला नसावा असा नियम असता तर बरं झालं असतं. दहापासून सुरुवात करत तो वर आला. दोन भावांशी आला तेव्हा म्हणाला, “चांगल्या घरातलं भांडण,” आणि लोक हसले. पहिल्या क्रमांकाला त्याने आवाज खाली आणला. “आणि मग त्या शांततेत दारावर तीन थापा. पहिली जोरात, पुढच्या दोन हळू. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं पुस्तक खाली ठेवून दार उघडायला उठलो होतो.”

मी काठी टेकून उठतच होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

“त्या थापा गाण्यात नाहीत.”

शेवटच्या रांगेत दंतोबा उभा होता. कामावरून तसाच आलेला, बाह्यांवर पांढरं प्लास्टर.

जावई हसला. “फार सूक्ष्म जागा आहे ती. लक्ष देऊन ऐकावं लागतं.”

“सूक्ष्म कुठली? काठी आहे ती. या काकूंची.”

सभागृहात खसखस पिकली. दंतोबा थांबला, हसू ओसरू दिलं. दोन्ही हात त्याने समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

“मी कवळ्या करतो,” तो म्हणाला. “गाणी कॅसेटवर भरून घेतो, स्पीकरसमोर टेप ठेवून. त्या दिवशी शेजारून यांनी भिंतीवर काठी मारली, ती टेपवर आली. मला वाटलं बँडने मारली. मी तसं लिहिलं आणि तो कागद तीस जणांना वाटला. चूक माझी आहे, मला गाणं कळलं नाही. पण ती चूक माझ्या घरातली आहे. तुमच्याकडे कशी आली, एवढंच विचारायचं होतं.”

ग्रंथपाल बाई कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या. नेमाने चालणारी बाई. “वाजवून बघू या ना,” त्या म्हणाल्या, आणि जावयाच्या होकाराची वाट न पाहता त्यांनी चौथं गाणं लावलं.

तीन मिनिटं खूप असतात. गोंगाट झाला, वाढला, आणि एकदम खाली बसला. पन्नास माणसं कान देऊन ऐकत होती. मी काठी जमिनीवरून उचलून मांडीवर आडवी घेतली, चुकून टेकायला नको. शांतता आली तशी गेली. कोणीही दार वाजवलं नाही. गाणं पुढे निघून गेलं.

“असं दिसतंय,” जावई म्हणाला, “की कुठल्याशा कागदावरून मला थोडी प्रेरणा मिळाली असावी, आणि लिहिण्याच्या ओघात—”

प्रेरणा. हा शब्द त्याने वापरला. मी डायरीत त्याखाली दोनदा रेघ ओढली आहे, कागद फाटला आहे. दहा आल्बम, दहाही परिच्छेद, आणि त्याचं नाव प्रेरणा. मी मोठ्याने म्हणाले, “दंतोबा, चल घरी,” आणि आम्ही निघालो. दारात डॉक्टर आडवे आले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. दंतोबाच म्हणाला, “सोमवारी सकाळी वरची कवळी पाठवतो, डॉक्टर. माप बरोबर आलंय.”

पुढच्या रविवारी पुरवणीत अकराव्या पानावर, हवामानाच्या खाली, दोन ओळी आल्या: “‘यंदाचे दहा’ या लेखात एका गाण्याच्या वर्णनात तपशिलाची चूक राहून गेली होती. दिलगीर आहोत.” नीट वाचा. चोरीबद्दल चकार शब्द नाही. चोरलेल्या मालात खोट निघाली म्हणून दिलगिरी. आणि ती खोट तरी कोणाची? दंतोबाची आणि माझी. तीही आम्हाला परत दिली नाही. मी संपादकांना चार पानी पत्र लिहिलं, डायरीतल्या अकरा तारखांसह. पोच नाही. महिन्याने दुसरं लिहिलं. तिसरंही लिहून तयार आहे.

दंतोबाच्या ताईचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसले होते. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

“म्हातारीची काठी, आणि तुला वाटलं संगीत?”

“हो, ताई.”

“आणि भर सभेत उठून सांगितलंस?”

“हो.”

“बरं केलंस,” ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

मार्चमध्ये तो एका संध्याकाळी वर आला. त्याने तो आल्बम घरी, कॉम्प्युटरवर, खुर्चीत बसून ऐकला होता. हात रिकामे ठेवून, पहिल्यांदाच. “यादी दुरुस्त करून पुन्हा वाटायची,” तो म्हणाला. मी पेन काढलं. नर्स पहिली झाली. तलावातल्या मुली तिसऱ्या. ‘पत्ता बदलला आहे’ चौथा.

“चौथा?” मी म्हटलं. “पहिल्याचा एकदम चौथा?”

“चांगलाच आहे. पण थापांशिवाय चौथाच.”

“मग थापांसकट पहिला म्हणून लिही.”

“त्याची एकच कॅसेट आहे, काकू. लोकांना जे मिळणार नाही ते यादीत घालत नाही मी.”

“म्हणजे मला काढलंस.”

“नियम म्हणजे नियम.”

मी शेवटची ओळ लिहिली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. “खाली नाव घाल.”

“सगळ्यांना माहितीये—”

“सगळ्यांना माहीत होतं तेव्हा काय झालं ते पाहिलंस ना?”

त्याने माझ्या हातातून पेन घेतलं. कागदावर वाकला, जीभ दातात धरून, कवळीच्या आतल्या बाजूला कोरतो तसं, आणि उजव्या कोपऱ्यात आद्याक्षरं घातली. मोहरीएवढी. मी म्हटलं, हे झेरॉक्सवर दिसणारसुद्धा नाही. पुन्हा काढ, मोठं, आणि आडनावासकट.

त्याने काढलं. तीन वेळा काढायला लावलं मी.